वाफेचीं जुनीं इंजिनें व त्यांचे संग्राहक

ऐतिहासिक साधन म्हटलें कीं आपल्यापुढें दप्तराचे रुमाल, बाडें, ताम्रपट, शिलालेख, नाणीं, फार तर एखादी गंजलेली तोफ उभी राहते. लोखंडी यंत्र हेंही एक साधन आहे. त्यासही मूळ प्रत व नक्कल असते, त्यांतही प्रक्षेप, लोप व पाठभेद असतात, आणि तेंही वाचावयास शिकावें लागतें, ही गोष्ट आपल्याकडे अद्यापि फारशी मनावर घेतली गेलेली नाहीं. उलट युरोपांत, विशेषतः इंग्लंडांत, वाफेच्या जुन्या इंजिनांचा नाद लागलेल्या लोकांचा एक मोठा वर्गच बनला आहे. आगगाडी ओढण्याचें काम विजेनें व डीझेल तेलानें पत्करल्यास पुष्कळ वर्षें लोटलीं; तरी हे लोक कोळशाची भुकटी अंगावर घेत, पदरचा पैसा खर्चून, शंभर-दीडशें वर्षांचीं धुडें पुनः चालतीं करितात. ह्या नादास पोरकटपणा म्हणून हंसणारे आहेत. परंतु मोडी कागदाच्या एका फाटक्या तुकड्यासाठीं जो दहा कोस चालत जातो, त्यास तरी त्यांना हंसण्याचा अधिकार नाहीं. ह्या संग्राहकांनीं काय मिळविलें, त्यांच्यांत वाद कोणता आहे, आणि आपल्या इकडील आगगाडीच्या इतिहासाशीं त्याचा संबंध काय, एवढ्याच गोष्टींचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

ह्या संप्रदायाचा मूळ पुरुष शोधूं गेल्यास तो यंत्रशाळेंत न सांपडतां कागदांच्या ढिगांत सांपडतो, हें आमच्या वाचकांस विशेष वाटेल. बेनेट वुडक्रॉफ्ट (१८०३–१८७९) हा गृहस्थ मूळचा कापडाच्या धंद्यांतला. पुढें तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत यंत्रशास्त्राचा अध्यापक झाला, व १८५२ सालीं नवा पेटंट कायदा होतांच पेटंट कचेरींत शोधांच्या वर्णनपत्रांवरील अधिकारी म्हणून नेमला गेला. त्यापूर्वीं अशीं वर्णनें चर्मपत्राच्या गुंडाळ्यांवर लिहून चॅन्सरी न्यायालयाच्या तीन निरनिराळ्या कचेऱ्यांत ठेवण्याची चाल होती. अमुक युक्ति पूर्वीं कोणी काढिली होती काय, हें पाहावयाचें झाल्यास गुंडाळी कोणत्या कचेरींत आहे येथपासून शोधास आरंभ करावा लागे. वुडक्रॉफ्टनें १६१७ पासून १८५२ पर्यंतच्या १४,३५९ पेटंटांच्या याद्या कालानुक्रमानें, नांवांच्या अनुक्रमानें व विषयवार अशा तिहेरी तयार केल्या, आणि मूळ वर्णनपत्रें छापून काढविलीं. ज्यानें कधीं एखाद्या सरदारी दप्तराची यादी केली असेल त्यास ह्या आंकड्याचें वजन समजेल. ह्याच गृहस्थाच्या संपादनाखालीं १८५१ सालीं अलेक्झांड्रियाच्या हेरोच्या ग्रीक ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झालें. ख्रिस्ती शकाच्या पहिल्या शतकांतील ह्या ग्रंथांत वाफेच्या जोरानें गरगर फिरणाऱ्या पोकळ गोळ्याचें वर्णन आहे. म्हणजे वाफेच्या यंत्राची वंशावळ लावितांना वुडक्रॉफ्टनें आरंभ केला तो पोथीपासूनच.

परंतु कागदांत वर्णिलेलें यंत्र प्रत्यक्ष कोठें शिल्लक आहे काय, हा प्रश्न त्यास स्वस्थ बसूं देईना. १८५७ सालीं लंडनांत साउथ केन्सिंग्टन येथें पेटंट कचेरीचें संग्रहालय उघडलें. त्यासाठीं वुडक्रॉफ्टनें खाणींच्या आवारांतून व कारखान्यांच्या अडगळींतून इंजिनें हुडकण्यास आरंभ केला. त्यांतील पहिलें मोठें घबाड म्हणजे ‘पफिंग बिली’. हें इंजिन नॉर्थंबर्लंडांतील वायलम येथील कोळशाच्या खाणीकरितां, क्रिस्तोफर ब्लॅकेट ह्या मालकाच्या पदरीं असलेल्या विल्यम हेडली, जोनाथन फॉर्स्टर व तिमथी हॅकवर्थ ह्या मंडळींनीं १८१३–१४ सालीं तयार केलें. आज जगांत उरलेलें आगगाडीचें सर्वांत जुनें इंजिन तें हेंच. ओतीव लोखंडाचे रूळ त्याच्या भारानें मोडूं लागले म्हणून मध्यंतरीं त्यास चारांऐवजीं आठ चाकें बसविलीं, आणि पुढें मजबूत रूळ आल्यावर पुनः चार केलीं. पुढच्या पिढीचे मालक एडवर्ड ब्लॅकेट ह्यांनीं १८६२ सालीं तें प्रथम उसनें म्हणून दिलें व बरीच घासाघीस होऊन अखेर २०० पौंडांस विकलें. इतकीं वर्षें खाणीवर राबलेल्या जुनाट लोखंडास कोणी एवढी किंमत देतो, हें पाहून खाणीवरील मजुरांस काय वाटलें असेल तें असो. पण वाडवडिलांच्या कागदांस गिऱ्हाईक आलें म्हणजे आपल्याकडील वाड्यांतूनही जो भाव चढतो, त्याहून हा प्रकार निराळा दिसत नाहीं. त्याचा जोडीदार ‘वायलम डिली’ एडिंबरोच्या संग्रहालयांत आहे. १८२२ सालीं नावाड्यांनीं संप केला तेव्हां ह्या डिलीस होडीवर चढवून तिच्याकडून वल्ह्यांचीं चाकें फिरविलीं होतीं. तात्पर्य, एकाच यंत्राच्या अंगावर तीन-चार अवतारांच्या खुणा उमटलेल्या असतात.

त्याच १८६२ सालीं संग्रहालयांत आलेलें दुसरें इंजिन ‘रॉकेट’. संहिताचिकित्सेच्या दृष्टीनें ह्याच्याइतकें बोधप्रद उदाहरण दुसरें नाहीं, म्हणून त्याकडे थोडें विस्तारानें पाहूं. लिव्हरपूल व मँचेस्टर ह्यांमधील लोहमार्ग पुरा होत आला असतां त्यावर फिरतीं इंजिनें वापरावीं कीं ठिकठिकाणीं उभ्या यंत्रांनीं दोरखंडांवर गाड्या ओढाव्या, असा वाद पडला. निकाल लावण्यासाठीं चालकांनीं ५०० पौंडांचें बक्षीस लावून १८२९ च्या आक्टोबर महिन्यांत रेनहिल येथें परीक्षा घेतली. ती अटी संभाळून पुरी करणारें एकटें रॉकेटच ठरलें. रॉबर्ट स्टीफन्सन ह्याच्या न्यूकॅसल येथील कारखान्यांत तें झालें होतें. त्याचें वैशिष्ट्य तीन गोष्टींत होतें. बॉयलरांत एका मोठ्या धूरनळाऐवजीं तांब्याच्या पंचवीस बारीक नळ्या बसविल्या होत्या. ही सूचना हेन्री बूथ ह्याची. त्यायोगें विस्तवाची आंच पाण्यास पुष्कळ अधिक पृष्ठभागानें लागूं लागली. दुसरें, दट्ट्यांतून सुटलेली वाफ धुराड्यांत सोडल्यामुळें विस्तव आपोआप फुंकला जाई. म्हणजे इंजिन जितकें जोरानें ओढी तितका जाळ वाढे. तिसरें, सिलिंडर इंजिनाच्या दोन बाजूंस तिरकस बसवून दट्ट्याचा दांडा थेट चाकास जोडला होता. पुढील सव्वाशें वर्षांतील बहुतेक इंजिनांची घडण ह्या तीन गोष्टींवरच उभारलेली आहे.

आतां गंमत अशी कीं, शाळेच्या पुस्तकांतून सर्वांस परिचित असलेलें पिंवळें, तिरप्या सिलिंडरांचें, उंच पांढऱ्या धुराड्याचें रॉकेट संग्रहालयांत पाहूं गेल्यास दिसत नाहीं. तेथें आहे तें काळेंभोर, जवळजवळ आडव्या सिलिंडरांचें, अवयव गमावलेलें असें एक सांगाडेवजा यंत्र. कारण उघड आहे. परीक्षेनंतर थोड्याच काळांत स्टीफन्सनच्या माणसांनीं त्यास पुढें धूरपेटी बसविली व इंजिन डोलूं नये म्हणून सिलिंडर खालीं उतरविले. नव्या इंजिनांत जी जी सुधारणा साधली ती ती ह्या जुन्यावरही लादली गेली. १५ सप्टेंबर १८३० रोजीं मार्ग उघडण्याच्या समारंभांत विल्यम हस्किसन हे पार्लमेंटचे सभासद ह्याच इंजिनाखालीं सांपडून मृत्यु पावले. १८३६ सालीं कंबर्लंडांतील एका कोळसामार्गास तें विकलें गेलें, तेथें कांहीं वर्षें राबलें, आणि मग पडून राहिलें. तांब्याची अग्निपेटी तर ह्या मधल्या काळांत नाहींशीच झाली. म्हणजे जी प्रत हातीं आली ती लेखकाच्या हातची खरी, पण त्यानें स्वतःच खोडून, समासांत भर घालून, पानें फाडून ठेवलेली. मूळ पाठ हवा असल्यास तो ह्या खाडाखोडीखालूनच वाचला पाहिजे.

हें वाचन फार उशीरा झालें. १९९९ सालीं मायकेल बेली व जॉन ग्लिदरो ह्या दोघांनीं रॉकेटचे भाग सुटे करून प्रत्येक तुकड्याचें माप घेतलें, जुनीं भोंकें, बुजविलेले खिळे, ठिगळें व झीज ह्यांची नोंद केली, आणि कोणता भाग १८२९ चा व कोणता मागाहून घातलेला हें एकेक करून ठरविलें. त्यांचा अहवाल २००० सालीं प्रसिद्ध झाला. अशाच पद्धतीनें पुढें वायलमच्या इंजिनांचीही तपासणी झाली. हा अहवाल हातीं आल्यास आमच्या वाचकांनीं यंत्राचा गंध नसला तरी अवश्य चाळावा. कागदाची जात, शाईचा रंग, लेखणीचा झोंक व शिक्क्याची ठेवण ह्यांवरून आपण जे निर्णय करितों, तेच तेथें खिळ्याच्या भोंकावरून व पत्र्याच्या जोडावरून केलेले आढळतील. पुस्तकांत जें चित्र पिढ्यान्‌पिढ्या छापलें जातें तें कितपत विश्वसनीय आहे हें केवळ दुसऱ्या पुस्तकावरून ठरत नाहीं, वस्तूवरून ठरतें. ही शिस्त राजवाड्यांनीं आपणांस बखरींच्या बाबतींत लावून दिलीच आहे.

येथवर जी हकीकत सांगितली ती थंड इंजिनांची. पण खरा भक्तवर्ग जमतो तो तापलेल्या इंजिनाभोंवतीं. त्याचें कारण शोधण्यास फार खोल जावें लागत नाहीं. इतर बहुतेक यंत्रें आपलें काम झांकून करितात. वाफेचें इंजिन सर्व कांहीं उघड्यावर करितें. दट्ट्या सरकतो, दांडा फिरतो, झडप उघडतें, धुराड्यांतून उसासा निघतो, आणि हें सर्व पोरासही डोळ्यांनीं पाहतां व कानांनीं मोजतां येतें. दोन सिलिंडरांचें इंजिन चाकाच्या एका फेऱ्यास चार वेळां भुसभुसतें. त्या चार ठोक्यांत एक लंगडा पडला तर जाणता ड्रायव्हर झडपेची चाल बिघडली हें न पाहतां सांगतो. शिवाय एकाच आराखड्यावर, एकाच कारखान्यांत झालेलीं दोन इंजिनें सारखीं वागत नाहींत. एकास आग पातळ लागते, एकास जाड. एक चढावर हट्ट करितें, दुसरें ओल्या रुळावर घसरतें. आगवाला व ड्रायव्हर ह्यांनीं तीं बैलाप्रमाणें ओळखून घ्यावीं लागत. यंत्रास स्वभाव आहे असें जेथें वाटतें तेथें माणसाचा जीव जडतो.

इंग्लंडांत ह्या जिव्हाळ्यास आणखी एक विचित्र वळण लागलें. १९४२ सालीं इयन ॲलन नांवाच्या रेल्वेंतील एका तरुण कारकुनानें सदर्न रेल्वेच्या इंजिनांच्या क्रमांकांचें एक लहानसें पुस्तक काढिलें. त्याचा परिणाम असा कीं हजारों मुलें स्टेशनांच्या टोंकाशीं उभीं राहून, दिसेल त्या इंजिनाचा क्रमांक वहींत टिपून पुस्तकांत त्याखालीं रेघ ओढूं लागलीं. ह्याहून निरर्थक उद्योग कोणता, असें प्रथमदर्शनीं वाटतें. पण आपल्यांतलेही कित्येक विद्वान् पोथीचीं पत्रें व पानावरच्या ओळी मोजण्यांतच धन्यता मानितात, आणि पुढें कोणास तरी त्या मोजणीचा उपयोग होतो. अमुक इंजिन अमुक दिवशीं कोठें होतें, त्यास कोणता बॉयलर होता, ह्या प्रश्नांचीं उत्तरें आज ह्या मुलांच्या वह्यांतून व फोटोंतून मिळतात. कारण कंपन्यांनीं आपलीं रजिस्टरें पुष्कळदां जाळून टाकिलीं.

जुन्या मार्गासकट जुनीं इंजिनें चालतीं ठेवण्याचा पहिला प्रयोग वेल्समधील टॅलिलिन येथें झाला. पाटीच्या दगडाच्या खाणींसाठीं १८६० नंतरच्या दशकांत घातलेला हा सव्वादोन फुटी मार्ग. त्याचे मालक सर हेन्री हेडन जोन्स हे १९५० च्या जुलैंत वारले, आणि आतां सर्व भंगारांत जाणार असें दिसूं लागलें. तेव्हां टॉम रोल्ट ह्या यंत्रज्ञ ग्रंथकाराच्या पुढाकारानें त्याच वर्षीं ११ आक्टोबर रोजीं बर्मिंगहॅमच्या एका हॉटेलांत सभा भरली व बिनपगारी स्वयंसेवकांनीं मार्ग चालवावा असें ठरलें. १४ मे १९५१ रोजीं त्यांची पहिली गाडी सुटली. त्या वेळीं ‘डॉलगॉख’ हें १८६६ चें एकच इंजिन कसेंबसें कामाचें होतें. रूळ गवताखालीं गेले होते व पुष्कळ ठिकाणीं रुळांस जागेवर धरून ठेवण्याचें काम त्या गवतानेंच चालविलें होतें. हें यशस्वी झालें, आणि त्याचें पाहून अशा मंडळ्या जागोजाग निघाल्या. पुढें ११ आगस्ट १९६८ रोजीं ब्रिटिश रेल्वेनें सर्वसाधारण रुंदीच्या मार्गावरील वाफेची शेवटची गाडी सोडली, तेव्हां शेंकडों इंजिनें मोडींत निघालीं. वेल्समध्येंच बॅरी बंदरीं वुडहॅम नांवाच्या भंगारवाल्यानें २९७ इंजिनें घेतलीं होतीं. मालगाडीचे डबे तोडणें सोपें व लवकर पैसा देणारें म्हणून त्यानें आधीं डबे तोडले, इंजिनें मागें ठेविलीं. ह्या व्यापारी सोयीमुळें समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यांत वर्षानुवर्षें उभीं राहिलेलीं २१३ इंजिनें संग्राहकांनीं वर्गण्या करून एकेक सोडविलीं. किराणा दुकानांतील पुड्या बांधण्यापूर्वीं रद्दी नजरेस पडावी, तसाच हा योग.

परंतु येथेंच वादास तोंड लागतें, आणि तो वाद साधा नाहीं. बॉयलर हा झिजणारा अवयव आहे. आंच, दाब, पाण्यांतील क्षार ह्यांनीं नळ्या जातात, पत्रे पातळ होतात. म्हणून चालत्या इंजिनाचा बॉयलर सुमारें दहा वर्षांनीं उतरवून नव्या नळ्या, वेळीं नवे पत्रे घालावे लागतात. चाकांवरील पोलादी धांवा बदलाव्या लागतात. पांच-सहा वेळां असें झाल्यावर त्या इंजिनांत मूळचें किती राहिलें? एक पक्ष म्हणतो, इंजिन पेटविणें म्हणजे पुराव्याचा नाश करणें. ज्या ठिगळावरून रॉकेटचा इतिहास वाचला गेला तसलेंच ठिगळ हे उत्साही लोक काढून फेंकतात व तेथें चकचकीत नवा पत्रा बसवितात. दुसरा पक्ष म्हणतो, इंजिनें कामावर होतीं तेव्हांही हेंच चालत असे. कारखान्यांत एकाचा बॉयलर दुसऱ्यावर चढे. न चालणारें इंजिन हें इंजिनच नव्हे, मढें आहे.

आमच्या मतें दोन्ही पक्षांचें थोडें थोडें चुकतें. दोन निरनिराळीं साधनें ते एक समजतात. एक साधन लोखंडाचें. त्यास हात लावावयाचा नाहीं, एवढाच नियम. दुसरें साधन विद्येचें, म्हणजे आग कशी पसरावी, पाणी केव्हां घ्यावें, नळी कशी ठोकून बसवावी ह्या हस्तकौशल्याचें. तें कागदावर उतरत नाहीं व कांचेच्या कपाटांत टिकत नाहीं. वेदाची संहिता भूर्जपत्रावर राहते, पण स्वर घनपाठ्याच्या गळ्यांतच राहतात. ह्या दुसऱ्या साधनासाठीं कांहीं इंजिनें तापलींच पाहिजेत. फक्त कोणतीं, एवढाच प्रश्न. ज्या नमुन्याचीं पांच-पन्नास उरलीं आहेत त्यांपैकीं खुशाल चालवावीं. जें एकटेंच उरलें आहे त्याची नक्कल करून ती चालवावी. रॉकेटच्या बाबतींत हाच मार्ग स्वीकारला गेला. १९२९ सालीं अमेरिकेंतील हेन्री फोर्डकरितां त्याची नक्कल मूळच्याच कारखान्यानें केली, व १९७९ सालीं रेनहिलच्या दीडशेंव्या वर्षानिमित्त चालती नक्कल झाली. ‘टोर्नेडो’ ह्या २००८ सालीं चालूं लागलेल्या इंजिनाचा प्रकार तर ह्याही पलीकडचा. त्या जातीचीं सर्व मूळ इंजिनें मोडलीं गेलीं असतां, उपलब्ध आराखड्यांवरून वर्गणीदारांनीं तें संपूर्ण नवें घडविलें. बॉयलर मात्र जर्मनींत मायनिंगेन येथें करवावा लागला, कारण तेवढा मोठा बॉयलर बांधणारे हात इंग्लंडांत उरले नव्हते. कागद जपला, वस्तु गेली, पण विद्याही अर्धी गेली, असें हें उदाहरण आहे.

आतां आपल्या देशाकडे वळूं. १९७९ च्या रॉकेटची नक्कल ज्यानें केली तो मायकेल सॅटो हा इंग्रज एका मोठ्या रासायनिक कंपनीचा भारतांतील अधिकारी होता, आणि दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयासाठीं देशभर हिंडून जुनीं इंजिनें निवडून देण्याचें काम त्यानें बिनमोल केलें होतें. तें संग्रहालय १९७७ सालीं उघडलें. त्याच्याच परंपरेंत ह्यू ह्यूज ह्याचें नांव घेतलें पाहिजे. १९९० पासून १९९६ पर्यंत चार भागांत प्रसिद्ध झालेल्या त्याच्या यादींत १८५१ पासून ह्या देशांत आलेल्या व येथें झालेल्या इंजिनांची जातवार नोंद आहे. ह्या दोन्ही कामांत आपल्या लोकांचा हात मागाहून लागला, ही गोष्ट खेदाची असली तरी खरी आहे.

दिल्लीच्या संग्रहांतील मुख्य रत्न ‘फेअरी क्वीन’. लीड्स येथील किटसन, थॉम्पसन व ह्यूइटसन ह्या कारखान्यांत १८५५ सालीं झालेलें, सहा फूट व्यासाच्या मधल्या चाकांच्या एकाच जोडीवर चालणारें हें इंजिन ईस्ट इंडियन रेल्वेच्या बावीस क्रमांकाचें. तें प्रथम हावड्याहून राणीगंजकडे हलकी टपालगाडी ओढी. सत्तावनच्या धामधुमींत त्यानें पलटणी वाहिल्या. पुढें बिहारांत मार्गबांधणीवर राबून १९०९ सालीं तें निवृत्त झालें. मग हावड्यास व नंतर चंदौसीस चौथऱ्यावर उभें राहिलें. ‘परींची राणी’ हें त्याचें नांव मात्र मूळचें नव्हे. तें १८९५ सालीं ठेवलेलें. चाळीस वर्षें जें नुसतें ‘बावीस नंबर’ होतें त्याच्या सत्तावनच्या हकीकतींत आज लेखक बेधडक फेअरी क्वीन नांव घालितात. पेशवाईच्या कागदांत मागाहूनची पदवी आधींच्या सालास लावलेली दिसली तर आपण कागद बनावट ठरवितों! १९९७ सालीं, म्हणजे निवृत्तीनंतर अठ्ठ्यायशीं वर्षांनीं, पेरांबूरच्या कारखान्यांत दुरुस्त होऊन हें इंजिन पुनः पेटलें आणि दिल्लीहून अलवारपर्यंत प्रवासी घेऊन जाऊं लागलें. नियमित चालणारें जगांतील सर्वांत जुनें इंजिन म्हणून १९९८ सालीं त्याची नोंद झाली. ह्याचा अभिमान वाटणें साहजिक आहे. तरी वर सांगितलेला नियम लावल्यास आमचा कल विरुद्ध बाजूस पडतो. १८५५ च्या ह्या जातीचें ‘एक्स्प्रेस’ हें एक भावंड आहे. तेंही पुढें पेरांबुरांत चालतें केलें गेलें. म्हणजे दोन उरलेल्या प्रती आणि दोन्हींवर नवी शाई फिरविलेली. निदान एक तरी जशीच्या तशी ठेवावयास हवी होती. चालविण्यास रेवाडीच्या शेडांत पुढील काळचीं पुष्कळ इंजिनें आहेत. चित्तरंजनच्या कारखान्यानें एकट्यानें २,३५१ वाफेचीं इंजिनें बांधलीं आणि १९७० सालच्या ब्रॉडगेजच्या शेवटच्यास ‘अंतिम सितारा’ हें नांव दिलें. ह्या ठिकाणीं तुटवडा नाहीं.

मुंबईची गोष्ट ह्याहून कष्टप्रद आहे. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरांतून ठाण्यास जी पहिली गाडी गेली तिचे चौदा डबे, सुमारें चारशें पाहुणे, एकवीस तोफांची सलामी व एकवीस मैलांची वाट हें सर्व पाठ आहे. वेळ मात्र कोणी सत्तावन्न मिनिटें देतो, कोणी सवा तास. गाडीस तीन इंजिनें होतीं. लँकेशायरांतील व्हल्कन फाउंड्रीनें पाठविलेल्या आठांपैकीं तीं होतीं. साहिब, सिंध व सुलतान अशीं त्यांचीं नांवें सांगतात. त्याही आधीं, १८५२ सालीं, भायखळ्याच्या बाजूस ठेकेदारांचें ‘लॉर्ड फॉकलंड’ हें इंजिन भराव टाकण्याच्या कामीं चाललें, आणि लोकांनीं त्यास ‘चाक्या म्हसोबा’ म्हणून नारळ फोडल्याचें सांगतात. ह्यांपैकीं एकही इंजिन आज पाहावयास मिळत नाहीं. वुडक्रॉफ्ट लंडनांत पफिंग बिलीसाठीं घासाघीस करीत होता त्याच सुमारास, १८६३ सालीं, गोविंद नारायण माडगांवकरांनीं ‘मुंबईचें वर्णन’ लिहून त्यांत आगगाडीस जागा दिली. लेखणी आपल्याकडे होती. वस्तु जपण्याची दृष्टि नव्हती.

लहान मार्गांची स्थिति थोडी बरी आहे. अब्दुल हुसेन आदमजी पीरभाई ह्यांनीं १९०७ सालीं चालू केलेल्या नेरळ–माथेरान मार्गासाठीं जर्मनींतील ओरेन्स्टाइन व कोपेल कारखान्याचीं चार इंजिनें आलीं. विसांत एक अशा चढावर आणि अगदीं आंखूड वळणांवर चालावें म्हणून त्यांच्या टोंकाच्या आंसांभोंवतीं पोकळ नळी बसवून ती वळणाबरोबर सरकेल अशी योजना केली होती. १९८२ पर्यंत तीं चाललीं. त्यांतील ७३८ क्रमांकाचें नेरळ स्टेशनाबाहेर उभें आहे. बार्शी लाइट रेल्वेची कथा मात्र स्वतंत्र लेखास योग्य आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप ह्या इंजिनियरानें प्रत्येक आंसावर पांच टनांहून अधिक भार पडूं द्यावयाचा नाहीं असा नियम धरून अडीच फुटी मार्गाचीं इंजिनें व डबे आंखले, लीड्सजवळ न्यूले येथें तात्पुरता मार्ग घालून ते दाखविले, आणि १८९७ सालीं बार्शीची गाडी सुरू केली. हलक्या रुळांवर मोठें ओझें नेण्याची ही युक्ति पुढें इतर देशांत नमुना ठरली. गृहस्थ कल्पक, उतारवयांत विमानांतून उडी घेण्याच्या छत्र्या त्यानें तयार केल्या. हा मार्ग पंढरपूर, लातूर व मिरज येथपर्यंत गेला, १९५४ सालीं सरकारनें घेतला, आणि आतां सर्व रुंद झाला आहे. कित्येक पिढ्यांच्या वारकऱ्यांनीं ज्या गाडीनें पांडुरंग गांठला तिचे आंस किती टनांचे होते हें इंग्रजी ग्रंथांत मिळतें. ती चालविणाऱ्या आगवाल्यांचीं नांवें मिळत नाहींत.

हीं नांवें मिळण्याचीं ठिकाणें आहेत. कुर्डुवाडीच्या कारखान्यांतील व नेरळ, कल्याण, इगतपुरी, भुसावळ येथील शेडांतील जुन्या कामगारांच्या घरीं हजेरीच्या वह्या, कोळशाच्या चिठ्ठ्या, परीक्षेचे दाखले, दुरुस्तीचीं टिपणें, ड्रायव्हरांच्या हातच्या खिशांतील वह्या व फोटो असावयाचेच. त्यांत पुष्कळसें मराठी, कांहीं मोडींतही असेल. १८५३ च्या समारंभासंबंधीं त्या दिवसांतील मराठी खासगी पत्रांत जर इंजिनांचीं नांवें किंवा लागलेला वेळ आला असेल, तर त्या एका ओळीचें मोल मागाहूनच्या दहा पुस्तकांहून अधिक आहे. असे कागद ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं कागद कोठें, कोणाकडे व कसा मिळाला ह्या माहितीसह त्याची अक्षरशः नक्कल मंडळाकडे पाठवावी. शुद्धलेखन सुधारूं नये. तेलाचे व कोळशाचे डाग पुसूं नयेत.